वरची तर्री, खालची तर्री

[दृश्य : नागपूर, बर्डीवरचं बर्गरचं दुकान. झगमगता मेन्यूबोर्ड. कॅमेरा भावावरून सरकत शेजारच्या बारीक आकड्यांवर येतो.]

भाव सगळेच वाचतात. त्याच्या शेजारी, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, आणखी एक आकडा असतो. हा पदार्थ खाल्ला तर पोटात किती किलोकॅलरी जातील, त्याचा. दुकानदाराला अचानक आपली काळजी वाटायला लागली म्हणून तो तिथे आलेला नाही. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी द्यायच्या, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आणि २०२२ मध्ये तो लागू झाला. सोबत एक ओळही छापावी लागते : सर्वसाधारण हालचाल असलेल्या प्रौढ माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात, गरज माणसागणिक बदलू शकते.

बोर्डासमोर उभी असलेली ही मुलगी आयटी पार्कात नोकरी करते. वजन उतरवायचं म्हणून फोनमधल्या ॲपवर रोजचं खाणं लिहिते. बर्गरच्या दुकानात तिला काहीच अडचण येत नाही. बोर्डावरचा आकडा बघायचा, फोनमध्ये टाकायचा, झालं. बर्गर घेतला, फ्राइज सोडले, कोल्ड्रिंकऐवजी पाणी. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोलात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे जवळपास १४० किलोकॅलरी, आणि त्याने पोट भरत नाही ते नाहीच. तिचा हिशोब पाच सेकंदांत मिटतो.

तो अडतो सकाळी.

[दृश्य : पहाट. कस्तुरचंद पार्कच्या बाजूचा रस्ता. ठेल्यावर स्टोव्हची निळी ज्योत, मोठं पातेलं, वाफ.]

नागपूरची सकाळ तर्री पोह्यांची. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो चन्याचा लाल, तिखट रस्सा. इथे ना बोर्ड आहे, ना आकडा. ॲपमध्ये ‘पोहे, एक वाटी’ सापडतं. तर्री सापडत नाही. मग डाएट सुरू करणारा नागपूरकर काय करतो? पहिल्याच दिवशी ठेला बंद करतो. पंधरा दिवस ओट्स खातो, सोळाव्या दिवशी येऊन दोन प्लेट हाणतो आणि त्याला ‘चीट डे’ म्हणतो. आम्हाला हा प्रकार पटत नाही. ज्या माणसाला रोज इथूनच जायचं आहे, त्याला ‘बाहेरचं बंद’ असं लिहून दिलेला कागद किती दिवस पुरणार? त्यापेक्षा या पातेल्यात काय चाललंय ते बघू.

[दृश्य : परातीत रात्रभर भिजलेला चना. जवळून.]

काळा चना आदल्या रात्री भिजवलेला. पहाटे मीठ घालून शिजवतात. बोटांत दाबला की फुटायला हवा, पण पीठ व्हायला नको. शेजारच्या कढईत कांदा. हा भाग घाईचा नाही. कांदा लाल होईपर्यंत हात थांबत नाही. मग आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, खडा मसाला. ठेलेवाल्या काकांचा मसाला घरी कुटलेला आहे. त्यात काय काय आहे ते त्यांनी सांगितलं, पण प्रमाण विचारल्यावर हसले.

आता तिखट. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. काका तिखटपणासाठी ती घेतात, रंगासाठी दुसरी. दोन्ही एकत्र, गॅस बारीक करून, गरम तेलात. इथे बघा. तिखट पडल्यावर एक-दोन क्षण काही होत नाही आणि मग सगळं तेल लाल होतं. मिरचीतला रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात नीट उतरत नाहीत, तेलात उतरतात. म्हणून तिखट तेलातच पडायला हवं. पाण्यात टाकलं असतं तर नुसता गढूळ रस्सा झाला असता.

मग वाटण परतायचं, कडेला तेल सुटेपर्यंत. तेल सुटलं की चना आणि कढत पाणी. उकळी. आच मंद. आणि आता कुणीही काही करत नाही, तरी एक गोष्ट घडते. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. येताना रंग घेऊन येतं, तिखट घेऊन येतं, मसाल्याचा वास घेऊन येतं. अर्ध्या तासात पातेल्यावर बोटभर लाल तवंग.

[दृश्य : तवंग. आवाज फक्त उकळण्याचा. निवेदन थांबतं, सहा सेकंद.]

ज्या कॅलरी ॲपला सापडत नाहीत, त्या इथे आहेत.

एक ग्रॅम तेलात नऊ किलोकॅलरी. पिठात, पोह्यात, साखरेत असतात त्या कर्बोदकांत चार, प्रथिनांतही चार. चहाच्या चमचाभर तेलाच्या साधारण ४५ होतात. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला त्या चालून जाळायच्या तर किलोमीटरभर पायपीट. म्हणून चालून जाळण्यापेक्षा पातेल्यातच सोडलेल्या बऱ्या.

[दृश्य : ठेल्याची फळी. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, त्यावर रिकामी प्लेट.]

काका आधी ‘हे कायले?’ म्हणाले, मग स्वतःच वाकून आकडे वाचायला लागले. आपणही वाचू. एका प्लेटीला कोरडे पोहे साधारण ६० ग्रॅम लागतात असं धरलं, तर त्यांच्या २१०. पोह्यांच्या फोडणीतलं वाट्याला येणारं चमचाभर तेल, ४५. चार पळ्या चना नसतो, असतो चाळीसेक ग्रॅम. शिजलेल्या चन्याच्या तेवढ्याला ६५. इथवर ३२० झाले. कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू हिशोबात धरू नका, मनसोक्त घ्या.

आता वरची मूठ. शेव-चिवडा मुठीत २५ ग्रॅम सहज बसतो. तळलेलं बेसन १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात जातं, म्हणजे या मुठीचे १४० च्या आसपास. पोह्यांच्या ढिगाएवढी जागा व्यापत नाही, पण मोजायला गेलं तर त्या ढिगाच्या दोन तृतीयांश भरते.

आणि शेवटी पळी. ‘भाऊ, तर्री मारून’ म्हटलं की काका पळी आडवी धरतात आणि वरच्या वर तवंग उचलतात. गिऱ्हाइकाचा मान राखणं म्हणजे वरची तर्री. ती पळी आम्ही प्लेटीत न घालता काचेच्या ग्लासात ओतली आणि ठेवून दिली.

[दृश्य : ग्लास. खाली मातकट रस्सा, वर लाल तेलाचा थर. चमच्याने थर वेगळा काढताना.]

तीन चमचे तेल. १३५ किलोकॅलरी. सगळं धरून प्लेट सहाशेच्या आसपास जाते. म्हणजे जवळपास निम्म्या कॅलरी पोह्यांच्या आणि चन्याच्या नाहीतच. त्या मुठीच्या आणि पळीच्या.

आता आयटी पार्कातल्या त्या मुलीने काय मागितलं ते ऐका.

[ध्वनी : ‘काका, तर्री खालून द्या ना. वरची एकच चमचा. अन् शेव नुसती दाखवायला.’ ‘ताई, मजा नाही येणार.’ ‘येते काका, द्या तर.’]

पळी उभी आत जाते, तळाशी फिरते, चना घेऊन वर येते. वर येताना थोडं तेल लागतंच, ते पातेल्याच्या काठावर टेकवून गाळलं. मग वरून एक चमचा लाल तर्री, कारण तिखट आणि वास त्यातच आहे आणि तेवढ्याशिवाय हे तर्री पोहे नाहीत. पोहे तेवढेच. चना तेवढाच. चिमूटभर शेव. गोळाबेरीज ३९० च्या आसपास. दोनशेचा फरक पडला आणि प्लेट समोर ठेवली तर कुठली कुणाची, हे फारसं ओळखूही येत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज १,६६० किलोकॅलरी धरली आहे, ६५ किलोच्या पुरुषाची २,११०. ही मुलगी तिच्या आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने १,४०० वर आहे. ३९० सकाळी गेले, उरले हजाराच्या वर. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, वरण, वांग्याची भाजी, काकडी. रात्री भाकरी, पालेभाजी आणि दह्याची वाटी. कुठेही उपास नाही. सहाशेची प्लेट खाल्ली असती तर हाच दिवस रात्रीच्या जेवणापाशी अडला असता, आणि अशा वेळी माणूस जेवण टाळून रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो. पोह्यांत प्रथिनं कमी, म्हणून अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात, हेही खरं. त्यावर तिचा उपाय पर्समध्येच असतो : घरून आणलेलं उकडलेलं अंडं. काकांना ते अजून पटलेलं नाही.

[दृश्य : शेजारचा ठेला. कढईत आलुबोंडे. बुडबुडे, जवळून.]

आलुबोंड्याला मात्र पळीची युक्ती चालत नाही, तेल आतच जातं. पण कधी जातं, ते बघण्यासारखं आहे. हे जे बुडबुडे आहेत ना, ते तेलाचे नाहीत. बोंड्यातल्या पाण्याची वाफ बाहेर पडते आहे. ती जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. तेल कोमट असेल तर वाफेला जोर नसतो, बोंडा जास्त वेळ पडून राहतो आणि तेलकट होतो. तेल नीट तापलेलं असलं तरी खरी चोरी बोंडा कढईबाहेर आल्यावर होते. तो निवायला लागतो, आतली वाफ थिजते, पोकळी तयार होते आणि सालीवरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून हा पोरगा झारा कढईवरच दोन-तीनदा झटकतो ते उगीच नाही. बाहेर काढल्या काढल्या कागदावर टाकलेला बोंडा आणि ढिगात एकावर एक रचलेला बोंडा, यांत फरक पडतो. ढिगातला खालचा घेऊ नका.

तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं तर त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम आहे. कढईतलं तेल काळं, घट्ट आणि फेसाळ दिसलं तर पुढच्या ठेल्यावर जावं. मधुमेह, रक्तदाब, यकृतावरची चरबी यांचं डॉक्टर सांगतातच. ज्यांना यापैकी काही आहे त्यांनी आमच्या हिशोबावर न जाता त्यांचंच ऐकावं.

एक बोंडा, सोबत तळलेली मिरची, ठीक. बोंडा-रस्सा घेतला की पुन्हा पळीचा प्रश्न, आणि उत्तरही तेच.

[दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं.]

जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी हवा देशभर झाली होती. त्या बातमीत आपल्या मिहानमधल्या एम्सचं नाव होतं. दोन दिवस नागपुरात दुसरा विषय नव्हता. मग केंद्राने खुलासा केला : विक्रेत्यांच्या पदार्थांवर कुठलाही इशारा नाही. कार्यालयांतून तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा, एवढीच सूचना. खरं म्हणजे असा फलक ठेल्यावरच जास्त कामाचा. दरडावणारा नको, नुसता आकडा सांगणारा.

[दृश्य : संत्र्यांची हातगाडी. सोललेलं संत्रं, फोडी. पाठीमागून मेट्रो जाते.]

गोडाचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी. मध्यम संत्रं साधारण साठ किलोकॅलरीत होतं, फोडी सोलून खायला पाच मिनिटं लागतात. संत्रा बर्फीचा तुकडा दोन घासांत संपतो आणि दुसरा आपोआप उचलला जातो. आम्ही बर्फी चित्रित केली होती, पण ती शेवटपर्यंत प्लेटीत टिकली नाही.

सावजीचं विचाराल, तर स्वयंपाकघरात कॅमेरा नेता आला नाही. ताटातला तवंग बघून अंदाज करता येतो, पण अंदाजावर आकडे सांगायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं.

[दृश्य : दुपारी बाराच्या सुमारास. ठेला आवरताना. जवळपास रिकामं पातेलं.]

काकांचा प्रश्न मात्र राहून गेला होता, आणि तो बरोबर होता. पाच जणांनी खालून मागितली तर वरचं तेल जातं कुठे? सहाव्याच्या प्लेटीत. तो ‘तर्री मारून’ म्हणणारा असला तर खूश होईल, पण त्याच्या पोटात पाच जणांचं तेल.

[ध्वनी : ‘अन् सगळेच खालून मागायले लागले, तर वरचं मी कोणाले देऊ?’]

उपाय त्यांनीच सांगितला. फोडणीलाच तेल कमी. डबा जास्त दिवस पुरेल, तेलाचा भाव बघता वाईट नाही. पण तेल कमी केलं की रंग उतरतो, आणि रंग उतरलेलं पातेलं दिसलं की गिऱ्हाईक समोरच्या ठेल्यावर जातं. तरी सोमवारी, गर्दी कमी असते तेव्हा, एका पातेल्यात पाव भाग तेल कमी घालून बघतो म्हणाले.