विकलं म्हणताना आवाज का उतरतो?

मंडळी, नमस्कार.

आपल्या घरांत 'विकलं' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारतात. दागिने विकले, शेत विकलं, गावचं घर विकलं. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. उद्योजक आणि गुंतवणूकदार रॉनी स्क्रूवाला हा आजच्या भाषणाचा विषय मी निवडला तो या शब्दापायी. या गृहस्थांनी हाताने उभं केलेलं पुन्हा पुन्हा विकलं आणि कधी मान खाली घातली नाही.

ग्रँट रोडच्या पारशी घरातला मुलगा. नाटकाचं वेड. इंग्लंडमध्ये भंगारात निघालेली दातांच्या ब्रशची दोन यंत्रं आणून त्यांनी कारखाना घातला. आणि १९८१च्या सुमारास केबल टीव्ही! तेव्हा दूरदर्शनची एकच वाहिनी होती, तिचे महिन्याचे पैसे नव्हते. एका खोलीत व्हीसीआर लावायचा, तिथून घराघरात वायर न्यायची आणि वर लोकांना म्हणायचं, याचे महिन्याला पैसे द्या. ज्याची कुणी मागणीच केलेली नाही, त्याचं गिऱ्हाईक तयार करायचं. पुढचा गुंतवणूकदार इथेच घडला, असं माझं मत आहे.

१९९० साली यूटीव्ही ही कार्यक्रम बनवणारी कंपनी सुरू झाली, भांडवल ३७,५०० रुपये. बरोबर झरीना मेहता आणि देवेन खोटे. देवेन म्हणजे विजयाबाई मेहतांचे चिरंजीव आणि दुर्गाबाई खोट्यांचे नातू. म्हणजे या कंपनीत थोडा वाटा आपल्या मराठी माणसांचाही होता, असं म्हणून टाळी मागायला हरकत नाही.

१९९४ साली यूटीव्हीची 'शांती' दूरदर्शनवर आली. आठवड्याला एक भाग बघायची सवय असलेल्या प्रेक्षकासमोर रोजची मालिका. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण करणाऱ्याचं सगळं गणितच बदलतं. लेखक आजारी पडो, नटाला ताप येवो, उद्याचा भाग उद्याच जायला हवा. सेट उभाच ठेवायचा, संवाद आगाऊ लिहून घ्यायचे, संकलन रात्री उरकायचं. थोडक्यात, कलेला पाळ्या लावायच्या. ब्रशचा कारखाना चालवलेला माणूस याला घाबरला नसावा.

आता विक्रीकडे येतो. चेन्नईची विजय टीव्ही घेतली आणि पुढे स्टारला दिली. मुलांसाठी हंगामा वाहिनी २००४ साली काढली आणि २००६ साली डिस्नेला विकली. अवघी दोन वर्षं! आपण असतो तर 'आत्ता कुठे बाळसं धरतंय' म्हणून थांबलो असतो. पण वाहिनी हे पैसे गिळणारं बाळ असतं, वर्षानुवर्षं. ते पोसायची ताकद दुसऱ्याकडे जास्त असेल, तर त्याच्या ओटीत घालणं हा मला शहाणपणा वाटतो. २०१२ साली तर यूटीव्हीच डिस्नेच्या ताब्यात गेली. पुढे काही काळ स्क्रूवाला तिथेच प्रमुख म्हणून राहिले, मग बाहेर पडले.

त्यानंतर युनिलेझर व्हेंचर्स, नव्या कंपन्यांत पैसे घालणारी त्यांची संस्था. एरवी अशा गुंतवणुकीत पैसा दुसऱ्यांचा असतो, ठरावीक वर्षांत तो परत द्यायचा असतो, त्यामुळे नव्या कंपनीच्या मागे तगादा सुरू होतो. इथे पैसा मुख्यतः स्वतःचा, म्हणजे घड्याळही स्वतःचं. त्यांनी पैसे घातले त्यात लेन्सकार्ट होती. चष्मा नाकावर चढवून, आरशात चारदा पाहून घ्यायची वस्तू. ती ऑनलाइन कोण घेणार? हा प्रश्न आणि 'टीव्हीला पैसे कोण देणार' हा प्रश्न, दोन्ही सख्खी भावंडं.

कबड्डीत यू मुंबा हा संघ, रायगड जिल्ह्यातल्या गावांच्या विकासासाठी झरीनाताईंबरोबर स्वदेस फाउंडेशन. रायगडच्या कामावर स्वतंत्र भाषण होईल, ते इथे उरकत नाही.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गुंतवणूकदाराने काठावर बसायचं असतं, पोहणारे दुसरे. पण साठीला टेकलेल्या या माणसाने २०१५ साली सहकाऱ्यांबरोबर अपग्रॅड ही ऑनलाइन शिक्षणाची कंपनी काढली आणि स्वतःच पाण्यात उतरला. २०१७ साली आरएसव्हीपी ही निर्मितीसंस्था काढून पुन्हा चित्रपट. म्हणून त्यांना 'गुंतवणूकदार' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. कार्यक्रमपत्रिकेत तसंच छापलंय, मान्य. तो मजकूर मीच दिला होता.