अकरा ओळी

पडद्यावर दिसतोय तो कोड मोजून 11 ओळींचा आहे. दिलेला मजकूर ठरलेल्या लांबीपेक्षा छोटा असेल, तर त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. 5 चं 005 करायचं. बस्स. कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरावा असा हा तयार कोड, म्हणजे पॅकेज. नाव लेफ्ट-पॅड.

22 मार्च 2016. अझर कोचुलु या प्रोग्रॅमरनं हे पॅकेज एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेतली पॅकेजेस जिथून घेतात त्या सामायिक कोठारातून, काढून घेतलं. त्याच्या ‘किक’ या दुसऱ्या पॅकेजच्या नावावरून त्याच नावाच्या कंपनीशी वाद झाला होता, एनपीएमनं नाव कंपनीला दिलं, तेव्हा त्यानं आपली सगळी, म्हणजे 273 पॅकेजेस उतरवली. काही मिनिटांत ठिकठिकाणी बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून वापरायची वेबसाइट तयार करण्याचं काम, फेल व्हायला लागले.

गंमत बघा, चालू असलेल्या वेबसाइट्सना धक्काही लागला नव्हता. वाचणारे वाचत होते, तिकिटं काढणारे तिकिटं काढत होते. अडलं होतं ते पान ब्राउझरपर्यंत पोहोचण्याआधीचं काम.

हे काम आलं कुठून? पूर्वी फाइल लिहायची, एफटीपीनं, म्हणजे फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीनं, सर्व्हरवर चढवायची, ब्राउझर रिफ्रेश करायचा. 2009 मध्ये रायन डाल यांनी बर्लिनमध्ये नोड सादर केलं. क्रोममधलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-8 इंजिन घेऊन त्यांनी ती ब्राउझरबाहेर चालवली. हेतू सर्व्हरचा होता, एकाच वेळी असंख्य कनेक्शन्स सांभाळण्याचा. पण फ्रंट-एंडवाल्यांनी, म्हणजे वेबसाइटची दिसणारी बाजू बनवणाऱ्यांनी, ते आपल्या लॅपटॉपवर आणलं, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचं रूप खरं बदललं ते इथे. बिल्डची कामं आपोआप करणारं ग्रंट आलं, गल्प आलं. वेबपॅक शेकडो फाइली एकत्र बांधू लागलं. बेबल आजची जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला कळेल अशी करून देऊ लागलं. यातलं कुठलंच हत्यार वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जात नाही. जातो तो त्यातून तयार झालेला माल.

बेबल दुसऱ्या पॅकेजांवर उभं, ती आणखी तिसऱ्यांवर, आणि त्या साखळीच्या टोकाला लेफ्ट-पॅड. बिल्ड अडला त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्या कुणी लगेच तसाच कोड चढवला, तरी नेमकी जुनी आवृत्ती मागणारे अडकूनच राहिले. शेवटी एनपीएमनं मूळ पॅकेज स्वतः परत आणलं. सुमारे अडीच तास गेले होते.

नंतर एनपीएमनं नियम बदलला: इतरांना लागणारं पॅकेज असं परस्पर काढता येणार नाही. आणि 2017 च्या प्रमाण जावास्क्रिप्टमध्ये हेच काम करणारं पॅडस्टार्ट आलं. आता 5 चं 005 करायला कुणाचं पॅकेज लागत नाही.