बातम्या तुमच्या, निवडही तुमची

नमस्कार श्रोतेहो,

मोबाइल उघडला की बातम्यांची रांग लागते. पण त्या निवडतं कोण? परवाचा वाद पुन्हापुन्हा वर येतो आणि आपल्या तालुक्यातल्या धरणाची बातमी खाली कुठंतरी राहून जाते. यावर एक जुना उपाय आहे, आरएसएस फीड. इथं आरएसएस हे संघटनेचं नव्हे, तर इंटरनेटवरच्या एका तंत्राचं नाव आहे. माझ्या मते आजही याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही.

फीड म्हणजे संकेतस्थळानं ठेवलेली एक साधी फाइल. तिच्यात ताज्या बातम्यांचे मथळे, थोडक्यात मजकूर, वेळ आणि मूळ बातमीची लिंक असते. तुमच्या फोनमधलं फीड रीडर अ‍ॅप ही फाइल अधूनमधून तपासतं आणि नवीन आलेलं तेवढं तुमच्यापुढे ठेवतं, सहसा वेळेच्या क्रमानं. बातमी देणाऱ्याला तुमचा ईमेल लागत नाही, फोन नंबरही लागत नाही.

ही पद्धत 1999 साली नेटस्केप कंपनीत सुरू झाली. ती घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा हे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले संगणकतज्ज्ञ होते. आज तुम्ही पॉडकास्ट ऐकता ना? त्याचा नवा भाग आल्याचं अ‍ॅपला कळतं तेही फीडमुळेच.

आता करायचं काय? फीडली, इनोरीडर किंवा अँड्रॉइडवर फीडर, यांपैकी एखादं अ‍ॅप घ्या. त्यात आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता टाका. फीड असेल तर बहुतेक वेळा अ‍ॅपच ती शोधून काढतं. नाही सापडली, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड हा शब्द लिहून बघा. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीवरच्या संकेतस्थळांना हे सहसा लागू पडतं. समोर कंसांनी भरलेला विचित्र मजकूर दिसला तर बिचकू नका, तीच फीड! तो पत्ता कॉपी करून अ‍ॅपमध्ये चिकटवा.

एक कळकळीची विनंती. सुरुवातीलाच मोठ्या दैनिकाची सगळी फीड घेऊ नका, ढीग साचतो आणि उत्साह मावळतो. शेती, क्रीडा, आपला जिल्हा अशा विभागांची वेगळी फीड मिळाली तर तेवढीच घ्या.

आणि तुमच्या फीडची यादी तयार झाली की अ‍ॅपच्या सेटिंगमधून ती ओपीएमएल फाइल म्हणून, म्हणजे फीडची यादी साठवायच्या फाइलप्रकारात, उतरवून ठेवा. 2013 साली गूगल रीडर हे गूगलचं फीड रीडर बंद झालं, तेव्हा वाचकांनी अशाच फाइलमधून आपली सगळी यादी दुसऱ्या रीडरमध्ये नेली.