फाइलीच्या कपाळावरची वेळ

नमस्कार. आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'पोर्टेबल रेकॉर्डर: टाइमकोड आणि क्लॉक यांची जुळणी' असा छापला आहे, आणि ती कशी करायची हे मी सांगणारच आहे. त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने चांगले काम बिघडलेले मी पाहिले आहे. टाइमकोड, म्हणजे फ्रेमागणिक यंत्राने दिलेली घड्याळाची वेळ, जुळला की आवाज आणि चित्र जुळले, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका शास्त्रीय गायनाच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. समोर सलग चालणारा मुख्य कॅमेरा, बाजूला दोन फिरते कॅमेरे आणि माझा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर. प्रत्येक यंत्रावर टाइमकोडची डबी होती, सगळ्या डब्या सहा वाजता एकीवरून जॅम केल्या होत्या, म्हणजे त्यांची वेळ तिच्याशी मिळवली होती, आणि त्यांचे दिवे एकाच वेळी लुकलुकत होते. बैठक साडेसहाला सुरू झाली आणि अडीच तास खंड न पडता रंगत गेली. दुसऱ्या दिवशी एडिटरने फाइली टाइमलाइनवर टाकल्या, तेव्हा आरंभीचा षड्ज गायिकेच्या ओठांशी तंतोतंत जुळला आणि आम्ही निश्चिंत झालो.

शेवटच्या तराण्याला मात्र तबलजींचे बोट चाटेवर पडलेले आधी दिसे आणि आवाज मागून येई. मोजल्यावर फरक 6 फ्रेमचा निघाला, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 240 मिलिसेकंद. तराण्याची लय मिनिटाला 240 मात्रांच्या आसपास होती आणि त्या लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची असते. चित्रात सम दिसत होती आणि कानावर तीनतालाची सोळावी मात्रा पडत होती. ज्या क्षणी श्रोत्यांच्या माना एकदम डोलल्या, त्या क्षणी आवाजात सम आलेलीच नव्हती. संगीताच्या मुद्रणात याहून मोठा दोष मला सुचत नाही.

दोन दिवस आम्ही चूक फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम यात, शोधत राहिलो. खरे तर तेव्हाच भागाकार करायला हवा होता. 24 आणि 23.976 यांची गल्लत झाली, तर हजारात एक एवढा फरक पडतो; अडीच तासांत तो 9 सेकंदांचा झाला असता. आमचा फरक 9,000 सेकंदांत 0.24 सेकंद, म्हणजे दहा लाखांत सुमारे 27 एवढा होता. एवढासा फरक दोन यंत्रांची चाल ठरवणाऱ्या दोन क्वार्ट्झ स्फटिकांचा असतो. त्यांतला कोणता पुढे गेला आणि कोणता मागे राहिला, हे फाइलींवरून सांगता येत नाही; त्यांच्यातले अंतर तेवढे कळते.

मग डब्या काय करत होत्या? त्या आपले काम चोख करत होत्या. रेकॉर्डरच्या ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलीच्या मथळ्यात वेळेचा एकच आकडा लिहिला जातो: मध्यरात्रीपासून आवाजाचे किती नमुने, म्हणजे मापे, उलटल्यावर ही फाइल सुरू झाली. साडेसहाची फाइल 48,000 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुन्यांची, असेल, तर तो आकडा 319 कोटी 68 लाख येतो. हा आकडा फाइलीच्या कपाळावर एकदाच उमटतो. त्यापुढचे 43 कोटी 20 लाख नमुने किती वेगाने घ्यायचे, हे रेकॉर्डरचा स्वतःचा स्फटिक, म्हणजेच त्याचे क्लॉक, ठरवतो. डबी बाहेर कितीही अचूक चालली, तरी तिचे ऐकण्याची सक्ती त्या स्फटिकावर नसते.

येथे मुंबईच्या जुन्या वेळेची आठवण होते. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहरात मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षे, 1955 पर्यंत, पाळली जात होती आणि दोन्हींत सुमारे 39 मिनिटांचे अंतर होते. पण ते अंतर सकाळी जेवढे, तेवढेच रात्री, म्हणून एकदा वजाबाकी केली की हिशेब मिटत असे. टाइमकोड अशाच अंतराचा बंदोबस्त करतो. ज्या घड्याळाची चालच वेगळी आहे, त्याच्यापुढे एका वजाबाकीचा उपयोग होत नाही.

आपल्या आधीच्या पिढीला हे पक्के ठाऊक होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस स्तेफान कुडेल्स्की यांचा नाग्रा 3 हा पोर्टेबल टेप रेकॉर्डर आला. पायलट टोनच्या पद्धतीत कॅमेऱ्याच्या मोटरीकडून निघालेला 50 हर्ट्झचा संकेत केबलने रेकॉर्डरकडे येई आणि टेपवर आवाजाबरोबर अथपासून इतिपर्यंत मुद्रित होई. पुढे मॅग्नेटिक फिल्मवर आवाज उतरवताना त्या संकेतावरून वेग दुरुस्त करत. त्या टेपला वेग ठाऊक होता, वेळ ठाऊक नव्हती, म्हणून क्लॅप, म्हणजे कॅमेऱ्यासमोर वाजवायची पाटी, अपरिहार्य होता. आजच्या फाइलीला वेळ ठाऊक असते आणि वेग आपण गृहीत धरतो.

संयोजकांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिली आहे, तेव्हा जुळणीचे थोडक्यात सांगतो. पहिले, फ्रेम रेट सर्व यंत्रांवर एकच हवा आणि तो चित्रीकरणापूर्वी एडिटरला विचारून ठरवावा. यंत्रे काही वेळ चालू राहून तापमान स्थिरावल्यावरच जॅम करावे, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि बॅटरी बदलल्यावर पुन्हा करावे. तापमानाची भरपाई करणारा चांगला स्फटिक दहा लाखांत 0.2 एवढाच हलतो, म्हणजे दिवसभरात सुमारे 17 मिलिसेकंद. मुख्य घड्याळ म्हणून असेच यंत्र निवडावे.

दुसरे, सलग मुद्रण लांबणार असेल, तर वेगाचीही सोय करावी. रेकॉर्डरला वर्ड क्लॉकची, म्हणजे नमुन्यांचा वेग बाहेरून घेण्याची, बीएनसी खोबण असेल, तर 75 ओहमच्या केबलने तो ज्या डबीवरून कॅमेरा जेनलॉक केला आहे, म्हणजे कॅमेऱ्याचा फ्रेमचा वेग बांधला आहे, तिच्याशीच बांधावा. काही रेकॉर्डरांत आवाजाचे क्लॉक बाहेरच्या टाइमकोडमागून चालवण्याचा पर्याय मेनूमध्ये असतो. तो शोधून चालू करावा, कारण तो बहुधा बंद असतो. दोन्ही नसेल, तर डबी जोडलेली ठेवून दर वीस मिनिटांनी, टाळ्यांच्या वेळी, दोन्हीकडे नवी फाइल सुरू करावी. आमच्या त्या यंत्रांचा फरक वीस मिनिटांत 32 मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमच्या आतच राहिला असता.

माझा सर्वांत जास्त आग्रह एका मोकळ्या ट्रॅकसाठी आहे. टाइमकोडचा संकेत हा मुळात ऐकू येणारा आवाजच आहे, एका फ्रेममागे 80 बिटांचा. तो कॅमेऱ्याच्या एका ट्रॅकवर आणि रेकॉर्डरच्या एका ट्रॅकवर, माइकच्या केबलींपासून दूर आणि कमी पातळीवर, सबंध वेळ मुद्रित करावा. पायलट टोन जे करत असे, ते त्या ट्रॅकने पुन्हा साधते: दोन्हींची सुरुवात आणि शेवट ताडून पाहिला की एडिटरला नेमका फरक मिळतो आणि तेवढीच फाइल ताणता येते. आम्ही शेवटी डोळ्यांनी तबला पाहत तेच केले. दहा लाखांत 27 एवढ्या ताणाने सुरात पडणारा फरक कोणत्याही कानाला कळत नाही.

आणि ट्रॅक मोकळा नसेल, तर मैफल संपल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करू नये. श्रोते उठायला लागले, तरी मुख्य कॅमेऱ्यासमोर जाऊन, तळवे नीट दिसतील अशी एक टाळी वाजवावी आणि मगच दोन्ही यंत्रे थांबवावीत.