बर्फाखालच्या देवमाशाचा पत्ता कसा लागतो?

(टेबलावर नकाशा, शेजारी काडेपेटी आणि टॅगचं लाकडी मॉडेल)

नमस्कार मंडळी. हा नकाशा बघा. ग्रीनलंडचा पश्चिम किनारा आणि त्यावर एका नारव्हाल जातीच्या देवमाशाच्या प्रवासाचे ठिपके. समजावण्यापुरते आम्हीच काढलेत. बाकीचे ठिपके समुद्रात आहेत, हा एक मात्र थेट जमिनीवर, बर्फाच्या पठारावर. देवमासा काही डोंगर चढत नाही. मग खऱ्या नकाशांवरही असे ठिपके का येतात?

आधी एक सांगून ठेवतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फारशा जात नाहीत. त्यामुळे देवमासा पाण्याखाली असताना उपग्रहाला काहीच कळत नाही. श्वास घ्यायला तो वर येतो, पाठ दिसते, तेवढ्या दोन-चार सेकंदांत टॅगने, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या ट्रान्समीटरने, बोलून घ्यायचं. सगळी कारागिरी त्या दोन-चार सेकंदांसाठी.

ऐकणारा कोण? आर्गोस. १९७८ पासून चालू असलेली यंत्रणा. तिचे उपग्रह साधारण ६५० ते ८५० किलोमीटर उंचीवरून ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात आणि टॅग ४०१.६५० मेगाहर्ट्झवर एक सेकंदाहूनही छोटा संदेश सोडतो. त्यात "मी इथे आहे" असं काही लिहिलेलं नसतं. जागा काढावी लागते, आणि ती डॉप्लरने काढतात.

डॉप्लर समजून घ्यायला पेठ नाक्याला जाऊन हायवेकडेला उभे राहा. ट्रक ताशी ८० ने हॉर्न दाबत येतोय. येताना सूर चढा, पुढे गेला की उतरलेला. फरक किती? जवळजवळ एक पूर्ण स्वर. रे चा सा होतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला माणूस डोळे मिटून सांगेल. आता नीट ऐका: ट्रक अगदी जवळून गेला तर सूर झटकन पडतो, लांबून गेला तर हळूहळू उतरतो. म्हणजे सूर कसा पडला यावरून अंतर कळतं आणि कधी पडला यावरून ट्रक समोर कधी आला ते कळतं. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने जातो. त्यामुळे टॅगचा 'सूर' आठ-नऊ किलोहर्ट्झने वर-खाली होतो, आणि त्या वळणावरून जागेचा हिशोब बसतो.

पण डोळे मिटून ऐकताना ट्रक डाव्या हाताने गेला की उजव्या, हे नुसत्या सुरावरून कळत नाही. उपग्रहाचंही तसंच. प्रत्येक वेळी उत्तरं दोन निघतात, उपग्रहाच्या वाटेच्या अलीकडे एक, पलीकडे एक. त्यातलं खोटं निवडलं गेलं, की नारव्हाल डोंगरावर.

ध्रुवाजवळ एक फायदा मात्र आहे. उपग्रह दिवसाला साधारण १४ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत ध्रुवावरून जातो. विषुववृत्ताजवळच्या टॅगला तोच उपग्रह दिवसातून तीन-चारदाच भेटतो.

आता टॅग. (मॉडेल हातात) काडेपेटीपेक्षा जरा मोठा, खरा असेल तर ५०-६० ग्रॅमचा. आत लिथियमची बॅटरी, ट्रान्समीटर आणि हा लवचीक अँटेना. खाली टायटॅनियमचे दोन काटे, साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, त्यांना उलट्या पाकळ्या. गळाला असतात तशा. एअरगन किंवा क्रॉसबोने तो पाठीवर उभ्या असलेल्या परामध्ये (फिनमध्ये) मारतात. काही आठवडे टिकतो, कधी काही महिने.

बाजूला या दोन धातूच्या टिकल्या दिसतात? हा खाऱ्या पाण्याचा स्विच. दोन्ही टिकल्या खाऱ्या पाण्यात असल्या की वीज वाहते आणि टॅग गप्प बसतो. हवेत आल्या की वीज तुटते आणि टॅग बोलतो. साधीच युक्ती, पण बिघडते इथेच. टिकल्यांवर शेवाळ किंवा बुळबुळीत थर बसला तर वीज वाहतच राहते. देवमासा वर आला तरी टॅगला वाटतं आपण पाण्यात आहोत. उलटही होतं. हिमनदीच्या तोंडाशी वितळलेलं गोडं पाणी वर तरंगत असतं आणि त्यातून वीज कमी वाहते. किती वीज वाहिली की पाणी समजायचं, तो उंबरठा चुकीचा ठेवला असेल तर टॅग बुडालेला असूनही स्वतःला कोरडा समजतो, पाण्यातच संदेश सोडत बसतो, आणि बॅटरी फुकट जाते.

बॅटरीचा हिशोब किराणा खात्यासारखाच. समजा ती १५,००० संदेशांना पुरते. रोज २५० ची मर्यादा घातली तर ६० दिवस. दर वेळी पाठ दिसली की बोलायचं असं नाही, दोन संदेशांमध्ये निदान ४५ सेकंदांचं अंतर ठेवतात. ज्या तासांत उपग्रह डोक्यावर नाही, ते तास बंद.

थंडीने बॅटरी मरते असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, त्यामुळे पाण्यातल्या टॅगला त्याहून थंडी नाही. आपल्या तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपेक्षा थोडंसंच जास्त. खरी अडचण वर आल्यावर. हवा उणे २० असेल तर आतला ऑसिलेटर, म्हणजे सूर धरणारा स्फटिक, एकदम गार पडून सरकतो. सूरच हलला की डॉप्लरचा हिशोब चुकतो आणि ठिपका काही किलोमीटर भलतीकडे जातो.

आणि बर्फ. नारव्हाल, बेलुगा, बोहेड या उत्तरेच्या तिन्ही देवमाशांना पाठीवर पर नाही, कारण बर्फाखालून पोहताना तो घासला असता. म्हणजे टॅग लावायला सोयीची जागाच नाही. वाघाच्या गळ्यात पट्टा घालता येतो, इथे गळाही नाही! मग नारव्हालसाठी तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट शिकाऱ्यांच्या मदतीने किनाऱ्याजवळ जाळं लावतात. जाळ्याचे तरंगते फुगे बुडाले की होडी ताबडतोब निघायला हवी, कारण अडकलेला नारव्हाल श्वासाविना गुदमरून मरेल. त्याला उथळ पाण्यात धरून पाठीच्या कण्यावरच्या जाड कातडीतून नायलॉनच्या पिना आरपार घालतात आणि त्यांना टॅग बांधतात. टॅग पाठीच्या मध्यावर न बसता बाजूला घसरला, तर बर्फाच्या फटीतून फक्त डोकं वर आलं की तो पाण्यातच राहतो. आठवडाभर संदेश नाही आला म्हणजे प्राणी मेला असं समजू नका. अँटेना बर्फाला घासून तुटलेलाही असू शकतो.

आवाज आणि हालचाली हव्या असतील तर चार रबरी कपांचा टॅग. न्हाणीघरातल्या टाइल्सला चिकटवायचा हूक असतो ना, तसाच. लांब काठीने पाठीवर दाबतात, काही तास टिकतो. माहिती इतकी असते की उपग्रहाला झेपत नाही, टॅग परत मिळवावाच लागतो. ठरलेल्या वेळी बारीक तारेतून वीज सोडतात, ती खाऱ्या पाण्यात गंजून तुटते, कप सुटतात आणि टॅग तरंगू लागतो. मग रेडिओचा अँटेना फिरवत शोधत बसायचं.

काटे मारण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०१६ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एल-९५ हा ऑर्का (किलर व्हेल) टॅग लावल्यावर काही आठवड्यांत मेलेला सापडला. समुद्रात पडलेला टॅग पूर्ण निर्जंतुक न करता वापरला गेला होता, आणि तपासात बुरशीच्या संसर्गाचा संबंध त्या जखमेशी जोडला गेला. म्हणून टॅग पाण्यात पडला की तो त्या दिवसापुरता बाद, बोटीवर दुसरा सीलबंद असायलाच हवा. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी टॅग मारूच नये, असं आमचं मत.

एवढं करून मिळतं काय? २०१० च्या उन्हाळ्यात अलास्काकडचा एक बोहेड आणि ग्रीनलंडकडचा एक, दोघं कॅनडाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या समुद्रवाटेच्या, म्हणजे उत्तर-पश्चिम मार्गाच्या, एकाच भागात पोहोचलेले दिसले. मधल्या बर्फामुळे हे दोन कळप वेगळेच राहतात असं मानलं जायचं. अंटार्क्टिकाचा एक ऑर्का गरम पाण्यापर्यंत जाऊन ४२ दिवसांत परत आला, ९,४०० किलोमीटर. तिथे ना पिल्लू घातलं, ना फार थांबला. संशोधकांचा अंदाज असा की गोठत्या पाण्यात कातडी नवी करणं महाग पडतं, म्हणून ही सहल. नारव्हाल तर १,७०० मीटरहून खोल बुडी मारतात. त्यांच्या टॅगमधल्या थर्मामीटरने बॅफिन उपसागराचं हिवाळ्यातलं तापमान दिलं, जिथे त्या ऋतूत जहाज घालणं जवळपास अशक्य.

आता डोंगरावरच्या नारव्हालकडे या. प्रत्येक ठिपक्याला दर्जा असतो. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, मग २, १, ०, आणि पुढे ए, बी, झेड. बर्फातले बहुतेक ठिपके ए आणि बी, कारण एका फेरीत चार संदेशही पोहोचत नाहीत. ते फेकून दिले तर हातात काही उरत नाही. म्हणून वेग तपासतात. बोहेड प्रवासात तासाला चार-पाच किलोमीटर जातो. सलग दोन ठिपक्यांमधला वेग तासाला ४० निघाला, तर त्यातला एक खोटा. कोणता, ते मागचा आणि पुढचा ठिपका बघून ठरवायचं. नकाशा मोठा करून देतो, यातला कोणता ते तुम्हीच शोधा. खाली कॉमेंटमध्ये ठिपक्याचा नंबर लिहा, आणि एकाहून जास्त सापडले तर तेही लिहा.