पक्ष्याचं नाव मागाहून, आधी त्याचं अंग बघा

नमस्कार मंडळी. पक्षी बघणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आता आपल्याकडे गावोगावी झालेत, चांगलंच आहे, पण त्यावर मेसेज काय येतो, तर "पांढरा पक्षी, मोठा, खाडीत उभा होता, कुठला ते सांगा." आता काय सांगणार कपाळ? आपल्या खाडीत पांढरे बगळेच चार-पाच तऱ्हेचे उभे असतात. म्हणून आज मी पक्ष्यांची नावं शिकवणार नाहीये, पक्ष्याच्या अंगाला इंग्रजी फील्ड गाइडमधे जे शब्द वापरतात तेवढेच सांगणार, कारण ते शब्द माहीत नसतील तर बघायचं कुठे हेच कळत नाही.

बगळ्यापासूनच धरू. गेप म्हणजे जबडा जिथे उघडतो ती रेघ, चोचीच्या मुळापासून मागे गालावर गेलेली. मोठ्या बगळ्याची ही रेघ डोळ्याच्याही मागे जाते आणि मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते, झालं, एवढ्यावर दोघं वेगळे होतात. मानेच्या लांबीवर लोक तासभर भांडतात, अरे पण बगळा मान आखडतो, सोडतो, काय मोजणार? चोचीच्या रंगावरही जाऊ नका, मोठ्या बगळ्याची पिवळी चोच विणीच्या दिवसात काळी पडते, आणि डोळा नि चोच यांच्यामधली उघडी कातडी, तिला लोअर्स म्हणतात, ती तेव्हा हिरवट होते. लहान बगळ्याचं मात्र सोपं, काळे पाय आणि पिवळी बोटं, फक्त तो चिखलात उभा असला तर बोटं दिसत नाहीत, उडेपर्यंत थांबावं लागतं.

आणि पायांवरून एक सांगतो, बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो असं आपण सगळे म्हणतो ना, तो गुडघाच नाही, ती टाच आहे! खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. टाचेपासून बोटांपर्यंतचा जो लांब दांडा दिसतो त्याला टार्सस म्हणतात, म्हणजे आपल्या तळपायाची हाडं एकमेकांना जुळून उभी राहिलीत असं समजा. पक्षी जन्मभर चवड्यावर चालतो.

व्हेंट म्हणजे शेपटीच्या मुळाशी खालची बाजू. लालबुड्या बुलबुल म्हणताना आपण तेच सांगत असतो, पण गंमत अशी की शिपाई बुलबुलाचंही बूड लालच असतं, तिथे गालावरचा लाल ठिपका आणि डोक्यावरचा टोकदार तुरा बघायचा. बंदरावरच्या घारींचं तसंच. हर्णैला लिलावाच्या वेळी वर ज्या घिरट्या घालतात त्यातली ब्राह्मणी घार मोठी झालेली असेल तर विटकरी-पांढरी, कोणीही ओळखेल, पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि साध्या घारीसारखं दिसतं. तेव्हा शेपूट बघा, साध्या घारीची दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल.

धनेशाबद्दल बोललो नाही तर देवरुखकडची मंडळी रागावतील. त्याच्या चोचीवरचा जो उंचवटा असतो त्याला कास्क म्हणतात, दिसतो भरभक्कम पण आतून बहुतेक पोकळच. कवड्या धनेशाची मादी ओळखायची तर डोळ्याभोवतीची कातडी बघा, तिची पांढुरकी असते, नराची काळसर निळी. ही मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, नर त्यातून फळं भरवतो, आणि आत असताना तिची उडायची आणि शेपटीची पिसं गळून नवी येतात. म्हणजे त्या काळात तिला उडता येत नाही, नराला काही झालं तर आतली मादी आणि पिल्लं दोघंही अडचणीत. म्हणून ढोलीचं जुनं झाड तोडू नका म्हणून आम्ही ओरडत असतो.

उडायच्या या पिसांचीही नावं आहेत. मनगटाच्या पुढे, हाताच्या भागावर असतात त्या प्रायमरीज, मागे कोपरापर्यंत सेकंडरीज, आणि त्यांची मुळं झाकणारी छोटी पिसं म्हणजे कव्हर्ट्स. याचा उपयोग कुरव, म्हणजे इंग्रजीतले गल, ओळखायला होतो. थंडीत किनाऱ्यावर येणारे दोन कुरव, एक तपकिरी डोक्याचा, एक काळ्या डोक्याचा, आणि थंडीत दोघांचंही डोकं पांढरं, कानाजवळ तेवढा काळा डाग! नाव ठेवणाऱ्यांनी उन्हाळ्यातला पक्षी बघून ठेवलंय, त्यातही काळ्या डोक्याचं डोकं खरं तर चॉकलेटी असतं, ते सोडा. तुम्ही पंख उघडल्यावर बघा. तपकिरीवाल्याच्या पंखाचं टोक काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, त्यांना मिरर म्हणतात. काळ्यावाल्याच्या बाहेरच्या प्रायमरीज पांढऱ्या, पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो.

मागून ताई विचारतायत, पिल्लांचं काय? बरोबर विचारलंत. तपकिरीवाल्याच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाला मिरर नसतातच, नुसतं काळं टोक. तेव्हा मिरर शोधत बसू नका, पुढच्या कडेचा पांढरा पट्टा आहे का ते बघा, काळ्यावाल्याच्या पिल्लाला तो लहानपणापासून असतो. आणि फोटो काढाल तर वाळूवर बसलेल्याचा नको, उडतानाचा पाठवा.