फुगा फिल्मखालचा

सन्माननीय व्यासपीठ आणि सोलापुरात रेडियम व नंबरप्लेटचे काम करणारे माझे व्यवसायबंधू,

रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइल, म्हणजे उजेड परतवणारी चिकट फिल्म, वाहनावर फुगे न येता आणि कडा न उचलता कशी लावावी, हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याकडे मी येईनच. परंतु माझे एक जुने म्हणणे आधी मांडू द्यावे. फुगा आला की गिऱ्हाईक कारागिराला बोल लावते आणि कारागीर रोल विकणाऱ्याला. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा तो फुगा, गाडी आपल्या दारात येण्यापूर्वीच, रंगाच्या शेडमध्ये ठरलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप हंगाम सुरू होतो आणि त्याच्या तोंडावर उसाच्या ट्रॉल्या रंगवून घेण्याची एकच घाई उडते. असेच एक ट्रॉलीमालक संध्याकाळी दुकानात आले. रंग सकाळी मारलेला होता. बोटाला लागत नाही म्हणजे वाळला, असा त्यांचा निर्वाळा. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी अशी नियमाची पट्टी, शिवाय फाळक्यावर कुलदैवताचे आणि दोन्ही मुलांचे नाव, हे सारे त्यांना रातोरात हवे होते, कारण सकाळी ऊसतोडीची टोळी येणार होती. मी म्हणालो, “मालक, रंग वरनं वाळलाय, आतनं न्हाई.” ते म्हणाले, “आतनं कोण बघतंय?” (हशा) आपण हसलात, कारण हे मालक आपल्या प्रत्येकाच्या दुकानात येऊन गेले आहेत. मी नकार दिला, तेव्हा त्यांनी काम दुसरीकडून करून घेतले. पुढे ती ट्रॉली दुरुस्तीसाठी माझ्याकडेच आली. थोरल्याचे नाव कसेबसे वाचता येत होते. धाकट्याचे पूर्णपणे फुग्यांत गेले होते. मालकांचा राग मात्र रोल बनवणाऱ्या कंपनीवर होता.

रंगातील थिनर कित्येक दिवस उडत राहते. उघड्या पत्र्यावरून ते निघून जाते. वर व्हिनाइल बसले की त्याची वाट बंद होते आणि दुपारी पत्रा तापला की तीच वाफ गोंदाला उचलते. म्हणूनच हा फुगा लावताना दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. लावताना अडकलेली हवा टाचणीने भोक पाडून दाबली की निघून जाते. हा फुगा मात्र पुन्हा भरतो. रंग बनवणाऱ्याने सांगितलेला काळ जाऊ द्यावा, आणि शंका असल्यास त्याच फिल्मचा तळहाताएवढा तुकडा लावून गाडी दिवसभर उन्हात ठेवावी. तुकड्याखाली घामोळ्यासारखे बारीक फुगे उठले तर गाडी परत पाठवावी, मग पासिंग उद्या का असेना.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, म्हणजे विषयाला आता सुरुवात करायला हवी. (हशा)

पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि ते उडून जाण्याआधीच दुसरे कोरडे फडके फिरवावे. पेट्रोलचा बोळा फिरवण्याची आपली सवय सोडावी, कारण त्याचा तेलकट अंश मागे राहतो; सिलिकॉनच्या पॉलिशवर तर गोंद धरतच नाही. शहराच्या पूर्व भागात दुकान असलेल्यांनी शेजारच्या यंत्रमागावरून उडणाऱ्या सुताच्या तंतूंकडेही लक्ष द्यावे. बहुतेक फिल्मना १५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचा पत्रा मानवतो. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४० अंशांच्या पुढे जाते आणि उन्हातल्या पत्र्याला गोंद टेकताक्षणी पकडतो, फिल्म सरकवून घ्यायला वावच उरत नाही. म्हणून काम सकाळी आणि सावलीत करावे.

या फिल्ममध्ये काचेचे सूक्ष्म मणी आणि त्यांच्यामागे धातूचा चकचकीत थर असतो. त्यामुळे ती साध्या व्हिनाइलपेक्षा जाड आणि ताठ असते, ताणली तर तडकते किंवा नंतर आखडून कड सोडते. ती न ताणता, मध्यभागी मास्किंग टेपने धरून, मागचा कागद थोडा थोडा काढत, फेल्ट लावलेली स्क्वीजी, म्हणजे दाबायची पट्टी, ४५ अंशांत धरून मध्याकडून कडेकडे दाबत न्यावी आणि प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढवावा. साबणपाणी मारून लावणे काही फिल्मना चालते, काहींना मुळीच चालत नाही. ते रोलच्या माहितीपत्रकात पाहावे.

अक्षरांचे कोपरे टोकदार न ठेवता गोल कापावेत. रिव्हेटभोवती फिल्म कापून मोकळी करावी, रबरावर आणि दाराच्या फटीवरून ती नेऊ नये. जोड असेल तिथे वरचा तुकडा खालच्यावर आणि पुढचा मागच्यावर चढवावा, म्हणजे पाणी आणि वारा आत शिरत नाही. कापलेल्या कडेतून पाणी गेले तर धातूचा थर काळा पडतो, म्हणून कडेला एज सीलर, म्हणजे कड बंद करणारा द्रव, फिरवावा. चोवीस तास गाडी धुऊ नये, आणि नंतरही प्रेशरच्या पाण्याचा फवारा कडेवर तिरका मारू नये, हे सर्व्हिसिंगवाल्याला सांगून ठेवावे.

रिव्हेटच्या कामाचा एक नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे; चहा घेताना तो पाहावा आणि जमल्यास नखाने उचलून दाखवावा.